छातीतली डबी आणि जालन्याच्या भट्ट्या

'हार्टला मशीन बसवलंय' असं कुणी म्हटलं की आपल्याकडं सगळे पेसमेकरच समजतात. आयसीडी वेगळं. पेसमेकर मंद हृदयाला चाल देतो. आयसीडी बेफाम सुटलेले, जीवघेणे ठोके ओळखून आतूनच विजेचा शॉक देतं. हे यंत्र घेऊन जालन्यात कसं राहायचं, ते सांगण्याआधी थोडा इतिहास.

मिशेल मिरोव्स्की, जन्म वॉर्सा, १९२४. दुसऱ्या महायुद्धात सगळं कुटुंब गेलं, हा एकटा वाचला. पुढं इस्रायलमध्ये डॉक्टरी करताना १९६६ मध्ये त्याचे वरिष्ठ डॉ. हॅरी हेलर अशाच ठोक्यांनी गेले. शॉकचं यंत्र दवाखान्यात होतं, पण माणूस जन्मभर दवाखान्यात कसा ठेवणार? मग यंत्रच माणसात बसवू, असं त्यानं ठरवलं. अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. मॉर्टन मोवर सोबतीला मिळाले. बर्नार्ड लाउनसारख्या नामांकित हृदयतज्ज्ञानं १९७२ मध्ये या कल्पनेवर जाहीर टीका केली. तरी ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लेव्ही वॉटकिन्स यांनी पहिलं यंत्र माणसात बसवलं. ते एवढं जड होतं की पोटात ठेवावं लागलं. आज ते बहुधा डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत मावतं.

किंमत मात्र गरिबाला झेपत नाही. म्हणून मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये अमेरिकेतून आलेली, आधीच्या रुग्णांची काढलेली यंत्रं निर्जंतुक करून गरजूंना बसवली गेली. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला: ८१ रुग्ण, १०६ यंत्रं, जंतुसंसर्ग एकालाही नाही. निम्म्याहून जास्त रुग्णांत त्या यंत्रानं ऐन वेळी काम केलं. कुणाची तरी वापरलेली डबी आपल्या माणसाच्या छातीत धडधड सांभाळत होती.

आता आपलं गाव. एमआयडीसीत मी इतकी वर्षं बातम्यांसाठी फिरतोय. आपली सळई ज्या इंडक्शन भट्टीतून येते, तिच्याभोवती जबरदस्त चुंबकीय क्षेत्र असतं. त्यामुळं आयसीडी गोंधळू शकतं: नको तेव्हा शॉक देईल, किंवा हवा तेव्हा देणारच नाही. वेल्डिंगचंही तसंच. त्यामुळं कामावर परतण्याआधी आपण कुठं, कशाजवळ उभे राहतो हे डॉक्टरांना सांगा. मालक-ठेकेदारांना विनंती, अशा कामगाराला घरी बसवू नका; भट्टीपासून लांबचं काम द्या.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात नको. यंत्रापासून सहा इंच लांब, दुसऱ्या कानाला. यंत्राचं कार्ड कायम पाकिटात ठेवा. एमआरआयआधी, ऑपरेशनआधी ते दाखवा. एक शॉक बसला आणि बरं वाटतंय, तर डॉक्टरांना फोन करा. लागोपाठ बसले किंवा चक्कर आली, तर १०८. शॉकच्या वेळी हात लावणाऱ्याला फारतर झिणझिणी येते, तेव्हा घाबरून लांब पळू नका. आणि अंत्यविधीआधी यंत्र काढून घ्यायला सांगा, चितेत बॅटरी फुटते.

मिरोव्स्कीला माणूस दवाखान्याबाहेर जगवायचा होता. आपल्यासाठी दवाखान्याबाहेर म्हणजे भट्टी, शेत, बाजार. घरात कुणाला यंत्र बसवलेलं असेल, तर आज ते कार्ड कुठं ठेवलंय तेवढं विचारा.