खाली बसलेली गाडी कशी वाचायची?

इतिहासाची साधनं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दफ्तरं येतात. आज एका लोखंडी पट्टीबद्दल बोलू या, कारण तिनं माझी चूक पकडली.

आंजी (मोठी) इथं एक जुनी अ‍ॅम्बेसेडर दिसली. मागची बाजू चांगलीच खाली होती. मी वहीत लिहून टाकलं : ‘हौसेनं खाली केलेली गाडी.’ डोक्यात अमेरिका होती. तिकडे साठच्या दशकातल्या मस्टँगसारख्या गाड्यांना मागे कमी कमानीचे पाटे बसवतात, किंवा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी जमिनीलगत आणतात.

मिस्त्रीकाका हसले. “हौस कायची पोरी, पाटे थकले!”

मग त्यांनी खाली वाकून दाखवलं. वर लांब मेन पाटा, खाली आखूड होत जाणारे बाकीचे, मध्ये सेंटर बोल्ट, बाहेरून यू-बोल्ट. वजन पडलं की कमान सपाट होते, पाटे एकमेकांवर घासतात आणि धक्का जिरतो. वर्षानुवर्षं ओझं वाहून कमान उतरते. मुद्दाम खाली केलेल्या गाडीत ठोकळा, लांब यू-बोल्ट किंवा नवे पाटे सापडतात. थकलेल्या गाडीत गंज, तडे, कधी एकच बाजू जास्त दबलेली. आपल्याकडे उपाय उलटा : एक पाटा वाढवायचा आणि गाडी उचलायची. उंची तीच, पण एकीकडे हौस, दुसरीकडे ओझं आणि रस्ता.

मोटारीला हे पाटे घोडागाडीकडून मिळाले. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट यांनी १८०४ मध्ये कमानी स्प्रिंगचं पेटंट घेतलं होतं. वर्ध्यात मात्र प्रवास उलटा झाला. जमनालाल बजाज यांच्याकडच्या जुन्या फोर्डला बैल जुंपले गेले आणि तिला थट्टेनं ‘ऑक्सफर्ड’ नाव पडलं : ऑक्स म्हणजे बैल, पुढे फोर्ड. तिचं मॉडेल माहीत नसलं तरी एक गोष्ट सांगता येते. अमेरिकन फोर्ड मोटारींचे पाटे १९४८ च्या मॉडेलपर्यंत आडवे, अ‍ॅक्सलला समांतर असत. जमनालालजी गेले १९४२ मध्ये. म्हणजे या बैलगाडीचे पाटे आडवेच. याला म्हणायचं अनुमान. गंमत म्हणजे १९५७ पासूनची अ‍ॅम्बेसेडर ज्या गाडीवरून बेतली, तिचं नावही मॉरिस ऑक्सफर्ड! हा मात्र निव्वळ योगायोग. प्रबंधात त्यावरून नातं जोडू नका.

आता खरी अडचण. उतरवलेला पाटा गॅरेजमध्ये पडून राहत नाही. हे पोलाद पाणी छान धरतं, म्हणून लोहार त्याचा विळा, कोयता किंवा वखराची पास घडवतो. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं; उरलेल्या गाड्याही भंगारात चालल्यात. दुरुस्तीची नोंद ठेवणारं रजिस्टर बहुतेक ठिकाणी नसतंच. नोंद असते ती लोखंडात आणि मिस्त्रीच्या डोक्यात, आणि मिस्त्रीही म्हातारे होतायत.

म्हणून क्षेत्रकार्याला जाताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसलं ते : ‘मागची बाजू खाली.’ उजवीकडे वाटलं ते : ‘हौस?’ आणि उजवी बाजू पेन्सिलनंच लिहा. माझी मला खोडावी लागली.