पंधरा वर्षांचा 'लहान मुलगा'

30 ऑक्टोबर 1973 रोजी दुपारी दोनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या नभोवाणी केंद्राने जॉर्ज कार्लिन या विनोदकाराच्या ध्वनिमुद्रिकेतील 12 मिनिटांचे एक स्वगत ऐकवले. समाज भाषेकडे कोणत्या नजरेने पाहतो, या विषयावरील चर्चेचा तो भाग होता. यातील काही शब्द श्रोत्यांना खटकतील, अशी सूचनाही आधी दिलेली होती. काही आठवड्यांनी एका गृहस्थांनी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे तक्रार केली. आपण 'लहान मुला'ला घेऊन मोटारीतून जात असताना हे कानांवर पडले, असे त्यांचे म्हणणे होते. ध्वनिमुद्रिका खासगी वापरासाठी विकली जात असेल तर ते एक वेळ समजू शकते, प्रक्षेपण मात्र समजू शकत नाही, असेही त्यांनी लिहिले. हे गृहस्थ 'मॉरॅलिटी इन मीडिया' या संस्थेच्या नियोजन मंडळाचे सभासद होते आणि त्यांचा 'लहान मुलगा' त्या वेळी 15 वर्षांचा होता.

प्रौढांसाठी रचलेला स्टँड-अप विनोद किशोरवयीन मुलांनी ऐकावा की नाही, या प्रश्नाचा इतिहास पाहताना मला या दोन शब्दांपाशी थांबावेसे वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 3 जुलै 1978 रोजी या प्रकरणाचा निकाल दिला, त्यातही हा 'लहान मुलगा' तसाच उतरला आहे. आपल्याकडे सोळावे वर्ष लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे, असे सुभाषित आहे. त्या हिशेबाने हा मुलगा जेमतेम वर्षभराने चुकला म्हणायचा.

तोवर रंगमंचावरील विनोदाची भीती प्रौढांच्या संदर्भातच व्यक्त होत असे. लेनी ब्रूसला 1961 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अटक झाली आणि 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो दोषी ठरला, तो रात्रीच्या क्लबमधील प्रयोगांसाठी. त्याचा प्रेक्षक मद्याचा पेला हाती घेऊन बसलेला प्रौढ होता. (ब्रूस 1966 मध्ये वारला, न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली ती 2003 मध्ये.) कार्लिनलाही 1972 च्या जुलैत मिलवॉकीच्या 'समरफेस्ट'मध्ये अटक झाली होती आणि डिसेंबरात तो खटला निकालात निघाला. पण ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांनी क्लबची भिंतच काढून टाकली. ध्वनिमुद्रिकांवर पालकांसाठी इशारा छापण्याची व्यवस्था 1985 नंतरची. त्याआधी असा विनोद घरच्या दिवाणखान्यात पोहोचला होता.

त्या 12 मिनिटांत कार्लिन काय करतो? नभोवाणीवर कदापि उच्चारता येणार नाहीत असे सात शब्द तो निवडतो आणि बोलीभाषेत ते कोणकोणत्या अर्थांनी फिरतात, ते एकेक करून दाखवतो. एकच शब्द कुठे शिवी होतो, कुठे लाड, कुठे केवळ उद्गार. हे काम मूलतः कोशकाराचे आहे. आपल्याकडे 1972 मध्येच प्रसिद्ध झालेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना आपल्याला अपरिचित असलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले होते, हे या संदर्भात आठवते. 15 वर्षांच्या मुलाला कार्लिनचे सातही शब्द ठाऊक असणार. त्याला ठाऊक नसते ते हे, की शब्दाला घाबरणाऱ्यांकडे पाहून हसताही येते.

न्यायालयाने कार्लिनचे स्वगत अश्लील ठरवले नाही, 'असभ्य' ठरवले. हा भेद कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे, कारण असभ्यतेला संविधानाचे संरक्षण असते. मात्र नभोवाणीवर, विशिष्ट वेळी, तिला आवर घालता येतो. पाच विरुद्ध चार अशा बहुमताच्या वतीने न्या. स्टीव्हन्स यांनी जे युक्तिवाद मांडले त्यांतील एक असा, की छापील मजकूर वाचता न येणाऱ्या मुलापर्यंतही प्रक्षेपण पोहोचते. युक्तिवाद खोटा नाही. परंतु ज्या मुलाच्या निमित्ताने हे सारे सुरू झाले तो नववी-दहावीच्या वयाचा होता आणि निकालात मात्र त्याच्या जागी अक्षरओळखही नसलेले बालक येऊन बसले. न्या. ब्रेनन यांनी भिन्नमतपत्रात विचारले की, या शब्दांभोवतीची भीती कार्लिन ज्या रीतीने घालवतो, ती आपल्या मुलांनी ऐकावी, असे वाटणारे पालक असूच शकत नाहीत का? मुलाला स्वतःला काय वाटले, हे मात्र कुणीच विचारले नाही.

मराठी वाचकाला यापूर्वीचा एक निकाल माहीत असायला हवा. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवली. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवताना किशोरवयीन वाचकाचा स्वतंत्र विचार केला: स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेखही या मुलांसाठी वर्ज्य मानला, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही, असा त्याचा आशय होता. 'श्यामा'च्या वाङ्मयीन गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतात. पण इथे किशोर हा बालकाहून निराळा, वाचू शकणारा आणि वाचणारच असलेला माणूस म्हणून न्यायालयासमोर उभा आहे. अमेरिकेतील खटल्याच्या नऊ वर्षे आधी आपल्याकडे हे होऊन गेले, याची आपण फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

याचा अर्थ सगळेच सगळ्यांनी ऐकावे, असे मला म्हणायचे नाही. एडी मर्फीच्या 1983 च्या 'डिलिरिअस'मध्येही शिव्यांची रेलचेल आहे. त्या सगळ्या गाळल्या तरी समलिंगी पुरुषांविषयीची आणि एड्सविषयीची त्याची थट्टा उरतेच. साथीच्या आरंभीच्या त्या वर्षांत ती हजारोंनी टाळ्या वाजवून ऐकली. मर्फीने पुढे त्याबद्दल माफी मागितली. 15 वर्षांच्या मुलाला हे ऐकवताना मी कचरेन. कचरेन ते शब्दांमुळे नव्हे, तर त्या वयात कळपाबरोबर हसण्याची ओढ फार असते आणि वर्गात तसाच एखादा मुलगा गप्प बसलेला असू शकतो, म्हणून. कार्लिनच्या स्वगतात हसू रोखलेले आहे ते नियम करणाऱ्यांवर. मर्फीच्या त्या भागात ते मरू घातलेल्यांवर आहे. सात शब्दांची यादी घेऊन बसलेल्या परीक्षकाला हा फरक दिसत नाही.

भारतात ओटीटीवरील कार्यक्रमांसाठी 2021 च्या नियमांनी 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या केल्या. 'लहान मुलगा' निदान कागदावर तरी तीन जणांत विभागला गेला. अंकाशेजारी 'भाषा', 'हिंसा' असे शब्द दिसतात; थट्टा कुणाची आहे, यासाठी तिथे रकाना नाही.

कार्लिनच्या खटल्याचा शेवट मात्र त्याच्याच एखाद्या प्रयोगात शोभावा असा आहे. न्यायालयाने ते संपूर्ण स्वगत शब्दशः लिहून निकालाला परिशिष्ट म्हणून जोडले, सातही शब्दांसकट. जिथे श्रोते हसले, तिथे कंसात 'हशा' अशी नोंद आहे. कायद्याच्या कोणत्याही ग्रंथालयात, दिवसाच्या कोणत्याही वेळी, वाचता येणाऱ्या कुणालाही ते वाचता येते.