अपारदर्शक वस्तू जोडणारे विलंबित अतिनील आसंजक

जबलपूर : भेडाघाटच्या संगमरवराचे जाड तुकडे, परिसरातील कारागीर ज्यातून मूर्ती घडवितात तो मऊ दगड आणि येथील गन कॅरेज फॅक्टरी (स्थापना १९०४) व व्हेईकल फॅक्टरी (१९६९) यांत लागणारा धातू यांत एक साम्य आहे. यांतून अतिनील किरण पलीकडे पोहोचत नाहीत. त्यामुळे अतिनील प्रकाशाने काही सेकंदांत घट्ट होणारी नेहमीची आसंजके अशा दोन वस्तूंच्या सांध्यात निरुपयोगी ठरतात. विलंबाने घट्ट होणारे अतिनील आसंजक ही अडचण दूर करते.

नेहमीचे अतिनील आसंजक बहुधा ॲक्रिलेट वर्गातील असते. त्यात प्रकाशामुळे मुक्त मूलके निर्माण होतात आणि प्रकाश थांबताच बहुवारिकीकरणही जवळजवळ थांबते. विलंबित प्रकारात इपॉक्सी रेझीन आणि आयोडोनियम किंवा सल्फोनियम क्षार वापरतात. प्रकाश पडताच या क्षारांपासून तीव्र आम्ल तयार होते. ते नष्ट होत नसल्याने अंधारातही प्रक्रिया चालू राहते. या क्षारांवरील पायाभूत संशोधन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स क्रिव्हेलो यांनी १९७०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत केले.

वापरण्याची रीत सोपी आहे. एका पृष्ठभागावर आसंजकाचा पातळ थर देऊन त्यावर अतिनील प्रकाश टाकावा आणि थर चिकट असेपर्यंत दुसरा भाग त्यावर दाबून बसवावा. ही मुदत आसंजकानुसार काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत असते. ती टळली, तर वर साय धरते आणि सांधा कच्चा राहतो. पूर्ण बळकटी येण्यास बहुधा २४ तास लागतात. सौम्य उष्णतेने हा काळ कमी होतो.

या आसंजकाला हवेतील ऑक्सिजनचा अडथळा होत नाही. मात्र जास्त दमटपणा आणि अल्कधर्मी पृष्ठभाग त्याला बाधतात. भेडाघाटचा संगमरवर डोलोमाइटी, म्हणजे कार्बोनेटयुक्त आहे. कार्बोनेट आम्लाचे उदासिनीकरण करीत असल्याने अशा दगडावर सांधा कमकुवत राहू शकतो. म्हणून मौल्यवान मूर्ती जोडण्यापूर्वी त्याच दगडाच्या टाकाऊ तुकड्यावर चाचणी घेणे आवश्यक आहे. धातू व अनेक प्लॅस्टिकांच्या बाबतीत ही अडचण सहसा येत नाही.

न घट्ट झालेल्या इपॉक्सीमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि अतिनील किरण डोळ्यांना अपायकारक असतात. त्यामुळे हातमोजे व संरक्षक चष्मा अनिवार्य मानावा.