सभागृहातील शांततेचा जन्म

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सभागृहात प्रथमच जाणारास आज संगीताआधी शांततेचाच दबदबा जाणवतो. चार भागांची सिंफनी असली तर वाद्ये मध्ये तीनदा थांबतात. पण टाळी वाजवावयाची ती चौथा भाग संपल्यावरच. खोकलादेखील त्या विरामापर्यंत घशात दाबून धरावयाचा. ही रीत त्या संगीताइतकीच जुनी असावी, असा सहज समज होतो. वस्तुतः ज्यांच्या रचनांपुढे ही शांतता पाळली जाते, त्यांपैकी कित्येकांना ती ठाऊकही नव्हती.

मोझार्टचेच पाहा. १८ जून १७७८ रोजी पॅरिसमध्ये त्याची नवी सिंफनी झाली आणि ३ जुलैच्या पत्रात त्याने वडिलांना सारी हकीकत कळविली. पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा अशी होती की ती श्रोत्यांना आवडणारच, हे त्याने रचतानाच ओळखले होते. ती येताच वाद्ये चालू असतानाच टाळ्या पडल्या. शेवटचा भाग सर्व वाद्यांनी एकदम सुरू करावयाचा, अशी तेथील चाल. याने तो केवळ व्हायोलिनांवर हळुवार उचलला. श्रोत्यांनी एकमेकांना ‘श्श्’ करून गप्प केले, आणि सगळी वाद्ये कडाडताच पुन्हा टाळ्या! स्वारी खुशीत आइस्क्रीम खावयास गेली. हे श्रोते बेशिस्त होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते कान देऊन ऐकत होते, म्हणूनच नेमक्या जागी बोलत होते. पुढे ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग श्रोत्यांनी तेथल्या तेथे पुन्हा वाजवावयास लावला. आपल्या संगीत नाटकांतला ‘वन्स मोअर’ हा याच जातीचा.

मग ओठांवर बोट कोणी ठेवले? एकोणिसाव्या शतकात सरदारांचे दिवाणखाने मागे पडले, तिकीट काढून येणारा मध्यमवर्ग पुढे आला. कार्यक्रमांत हयात रचनाकारांपेक्षा दिवंगतांच्या कृती वाढू लागल्या आणि सभागृहास देवळाची कळा आली. १८७६ मध्ये वाग्नरने बायरॉइट येथील आपल्या नाट्यगृहात दिवे मालवले व वादकवृंद नजरेआड केला. १८८२ मध्ये तेथे ‘पार्सिफाल’ झाले, तेव्हा मध्ये नटांना टाळ्यांनी बाहेर बोलावू नये, असे त्याने सुचविले. भाविकांनी त्याचा अर्थ टाळीच नको असा घेतला. पुढल्या एका प्रयोगात खुद्द वाग्नर ‘शाबास’ म्हणाला आणि शेजाऱ्यांनी त्यालाच गप्प केले, असे सांगतात!

तथापि या शांततेची गरजही खरी होती. ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नात शोनबर्गच्या कार्यक्रमात नव्या रचनांवरून श्रोते हातघाईवर आले आणि कार्यक्रम अर्धाच राहिला. १९१८ मध्ये त्याने खाजगी संगीतसभा काढली, तीत निषेधाबरोबर टाळीलाही बंदी केली. नव्या रचनेला आधी ऐकून तरी घ्या, एवढेच त्याचे मागणे होते. ते आम्हांस रास्त वाटते.

आपल्या मैफलीने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. समेवर मान हलते, ‘वाहवा’ उमटते आणि गवई त्यावरच पुढची जागा फुलवितो. येथे आवाज वर्ज्य नाही, अवेळी आवाज वर्ज्य आहे. विलंबित आलापीत षड्जावर स्वर ठरत असताना उगीच दिलेली दाद शेजारच्या कुजबुजीइतकीच बोचते. पाश्चात्त्यांची सरसकट शांतता येथे आणावी असे म्हणणारे गवयाचा एक साथीदारच काढून घेऊ पाहतात.

भ्रमणध्वनीला मात्र सम ठाऊक नाही. १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये माहलरच्या नवव्या सिंफनीचा शेवटचा, जवळजवळ निःशब्द होत जाणारा भाग चालू असताना पुढच्या रांगेत एक भ्रमणध्वनी वाजू लागला आणि थांबेना. संचालक अ‍ॅलन गिल्बर्ट यांनी वादन थांबविले. तो आवाज बंद झाल्यावर त्यांनी श्रोत्यांची क्षमा मागितली, आणि दोन भागांमध्येही टाळी न वाजविणाऱ्या त्या श्रोत्यांनी ऐन भागाच्या मध्यावर टाळ्यांचा कडकडाट केला.