व्हीसॅट

व्हीसॅट हे भूस्थिर उपग्रहामार्फत माहितीची देवाणघेवाण करणारे लहान आकाराचे भूकेंद्र होय. 'व्हेरी स्मॉल ॲपर्चर टर्मिनल' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द रूढ झाला. बँकांच्या शाखा, एटीएम केंद्रे, सरकारी कचेऱ्या यांना, विशेषतः तारांचे जाळे अपुरे असलेल्या ठिकाणी, त्याचा उपयोग होतो. घरोघरी दिसणारी डीटीएच छत्री दिसायला तशीच असली, तरी ती केवळ ग्रहण करते. व्हीसॅट संदेश पाठवतेही.

कार्यपद्धती

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर असतो. संदेशाला वर जाऊन खाली येण्यास जवळपास पाव सेकंद लागतो. लहान डिशची शक्ती मर्यादित असल्याने दोन केंद्रांमधील संदेश बहुधा मोठ्या अँटेनाच्या मध्यवर्ती केंद्रातून (हब) जातो. तेव्हा हा विलंब दुप्पट होतो. संभाषणात तो खटकतो, हिशेबाच्या नोंदींना मात्र चालतो. केयू पट्ट्यातील संदेश मुसळधार पावसात क्षीण होतात. सी पट्ट्याला पावसाची बाधा कमी, पण त्यासाठी डिश मोठी लागते.

महाराष्ट्रातील वापर

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'निकनेट'ने जिल्हा मुख्यालये उपग्रहाने जोडण्यास आरंभ केला. माढा तालुक्यातील मोडनिंबसारखी बाजारपेठेची गावे पुणे–सोलापूर महामार्गावर असूनही जिल्हा मुख्यालयांच्या या जाळ्याबाहेरची होती.

व्यापारी वापराचे ठळक उदाहरण मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे आहे. तोवर मुंबई शेअर बाजारात दलाल सभागृहात जमून ओरडून सौदे करीत. दूरच्या गुंतवणूकदाराला दूरध्वनीवर कळणारा भाव शिळा असे, आणि सौदा नेमका कोणत्या भावाने झाला हे पडताळणेही त्याला अवघड जाई. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले व गावोगावचे दलाल व्हीसॅटने जोडले. परगावच्या दलालालाही मुंबईतल्या दलालासारखाच चालू भाव दिसू लागला. सुमारे वर्षभरात या बाजाराची उलाढाल मुंबई शेअर बाजाराहून अधिक झाली. दरम्यान १९९५ मध्ये त्या जुन्या बाजारानेही पडद्यावरील व्यवहार स्वीकारले होते.

मार्च व ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस, ठरावीक वेळी, सूर्य उपग्रहाच्या थेट मागे येतो आणि त्याच्या प्रारणांत उपग्रहाचे संदेश काही मिनिटे बुडून जातात. अशा दिवसांत शेअर बाजारांना व्यवहार मध्येच थांबवून कामकाजाच्या वेळा बदलाव्या लागत. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणातही याच कारणाने व्यत्यय येतो.