मोटारीचे विद्युत् आसन : बिघाड व तपासणी

मोटारगाडीतील आसन पुढे-मागे सरकवणे, उंच-सखल करणे आणि पाठ कलती करणे ही कामे हाताच्या दांड्याऐवजी विजेच्या मोटरीकडून करून घेणारी यंत्रणा. ब्रेकवर पाय पूर्ण दाबला जाणे आणि आरशात मागचा रस्ता दिसणे आसनाच्या जागेवर अवलंबून असते. त्यामुळे या यंत्रणेतील बिघाड सुरक्षेच्या बाबींत मोडतो.

रचना : बहुतेक गाड्यांत प्रत्येक हालचालीसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र मोटर असते. आठ दिशांच्या आसनात साधारणपणे अशा चार मोटरी असतात : आडव्या सरकण्यासाठी एक, बैठकीची पुढची व मागची कड उचलण्यासाठी दोन आणि पाठीसाठी एक. मोटरीचा वेग वर्म गिअरमधून कमी होतो व आट्यांचा लांब स्क्रू फिरून आसन रुळांवर सरकते. काही रचनांत एकच मोटर दोन लवचीक केबलींद्वारे दोन्ही रुळांना फिरवते. वीजप्रवाहाची दिशा उलटली की मोटर उलट फिरते. साध्या रचनेत खटका मोकळा असताना मोटरीच्या दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या असतात; दाबल्यावर त्यांतील एक बॅटरीच्या धन टोकाला जोडली जाते. आसनाची जागा लक्षात ठेवण्याची सोय १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये होती. आजच्या गाड्यांत हे काम संवेदक व नियंत्रक करतात.

लक्षणे : खटका दाबल्यावर येणारा आवाज दोषाचा पहिला पुरावा होय. कोणतीच हालचाल नसेल व आवाजही नसेल, तर फ्यूज, मुख्य कपलर, अर्थिंग किंवा खटक्याचा सामाईक पुरवठा यांवर संशय जातो. एकच हालचाल बंद असेल, तर दोष त्या मोटरीत, तिच्या तारांत किंवा तिच्या खटक्यात असतो. आसन पुढे जाते पण मागे येत नाही, अशा वेळी मोटर बहुधा ठीक असते आणि खटक्याचा एखादा संपर्कबिंदू जळालेला असतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण आसन हलत नाही, तेव्हा केबल तुटलेली किंवा गिअरचे दाते झिजलेले असतात. आसन तिरके होऊन अडकले, तर दोन रुळांपैकी एकच सरकत असतो. थोडा वेळ चालून बंद पडणारी व थंड झाल्यावर पुन्हा चालणारी मोटर जादा भार ओढत असते. तिच्यातील उष्णतारक्षक प्रवाह तोडतो.

तपासणीचा क्रम : प्रथम रुळांत अडकलेली नाणी, बाटल्या, पायपुसण्याची कड काढावी. मग फ्यूज पाहावा. नवा फ्यूज लगेच उडाला, तर जास्त क्षमतेचा लावू नये. आसनाखाली घासून उघडी पडलेली तार शोधावी. व्होल्टेज खटका दाबलेला ठेवून मोजावे, कारण गंजलेला जोड प्रवाह वाहत नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार येताच ते पाडतो. मोटरीच्या कपलरवर पुरेसे व्होल्टेज पोचूनही ती फिरत नसेल, तर दोष मोटरीत किंवा जाम झालेल्या यंत्रभागात असतो. या टप्प्याआधी मोटर बदलणे म्हणजे ग्राहकाचा पैसा वाया घालवणे. कोकण व मुंबईच्या पावसात गालिच्याखाली पाणी साचल्यास कपलर हिरवट पडतात; तेथे आधी गळती थांबवावी लागते.

सुरक्षा : आसनात बाजूची एअरबॅग, पट्टा ताणणारे स्फोटक साधन व प्रवासी ओळखणारा संवेदक असू शकतो. त्यांचे कपलर बहुधा पिवळे असतात. त्यांवर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावणे धोक्याचे आहे. आसन उचलण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडावे व उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे. कपलर सुटे असताना इग्निशन सुरू केल्यास एअरबॅगचा दिवा लागून राहतो. आसन हलत असताना रुळाजवळ बोटे नेऊ नयेत.

दुरुस्तीनंतर : आसनाचे बोल्ट उत्पादकाने ठरवलेल्या टॉर्कने आवळावेत, रूळ पुसून सांगितलेलेच ग्रीस लावावे आणि आसन प्रत्येक दिशेला टोकापर्यंत चालवून पाहावे. स्मृती असलेल्या काही आसनांना बॅटरी जोडल्यावर टोकांच्या जागा पुन्हा शिकवाव्या लागतात. एअरबॅगचा दिवा विझल्याची व पट्टा नीट अडकत असल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.