धक्का वगळला, दम वाढला

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करत होते, तर वर्ध्याला १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापून मुलींच्या शारीरिक शिक्षणाला जागा दिली. हे धाडस किती मोठे होते, ते त्या काळच्या जगाकडे पाहिल्यावर कळते. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ८०० मीटर अंतिम शर्यतीत नऊच्या नऊ जणींनी अंतर पूर्ण केले, तरी त्या कोसळल्याचा गवगवा झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. बाईच्या शरीराला जपण्याच्या नावाखाली तिचे मैदानच काढून घेण्याची ही रीत होती.

काठीच्या जाळीत चेंडू झेलून फेकायच्या लॅक्रॉस या खेळात बायकांना मैदान मिळाले, पण नियम वेगळे. १८९० मध्ये स्कॉटलंडच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत मुली हा खेळ खेळू लागल्या. त्यात अंगावर धडकणे निषिद्ध राहिले, म्हणून हा पुरुषांच्या खेळाचा सौम्य अवतार, असे अनेकांना वाटते. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. मुलींच्या काठीची जाळी उथळ असते. धावताना चेंडू टिकवायचा तर मनगट आणि खांदे सतत झुलवावे लागतात, म्हणजे धावण्याला हातांचा झोका मिळतच नाही. धडक देऊन प्रतिस्पर्धी अडवता येत नाही, तेव्हा तिच्या पुढे पावले टाकूनच तिला रोखायचे. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे, हा नियम दीर्घकाळ होता. पूर्ण वेगातून थांबणे आणि शून्यातून पुन्हा वेग घेणे, यातच मांड्या आणि गुडघे झिजतात. एकविसावे शतक उजाडेपर्यंत मैदानाला ठाम हद्दही नव्हती. धडक सोसायला लागणारी ताकद पुरुषांच्या खेळात अधिक लागते, हे खरेच. पण तो श्रमाचा एक प्रकार झाला. धक्का वगळल्यावर उरलेले सगळे ओझे पायांवर आणि छातीच्या दमावर येते.

याचा पुरावा आपल्या खो-खोतच आहे. तिथे स्पर्शापलीकडे अंगाला अंग लागत नाही, आक्रमक खेळाडूला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही. बंधने जितकी कडक, तितकी उठण्याची झटका-गती आणि झुकून वळण्याची ताकद जास्त लागते. नीलिमा सारोळकर (१९७४) आणि सुषमा सारोळकर (१९८१) यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो अशा खेळात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० हरवले, तेही याच बळावर. खो-खोतून आलेली मुलगी लॅक्रॉसला आयतीच तयार असते, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या सहा-सहा खेळाडूंच्या लॅक्रॉसमध्ये आठ मिनिटांचे चार डाव असतात आणि चेंडू ताब्यात आल्यापासून ३० सेकंदांत गोलावर फेकावा लागतो. तिथे तिचे पाय पुरतील. खांदा, मनगट आणि वळताना गुडघा सांभाळणारे मांडीमागचे स्नायू यांची मेहनत मात्र तिला वेगळी करावी लागेल.